फर्मी, अँगस्ट्रॉम आणि आमचा गुंठा

माणसाचे घर ओळखायचे असेल तर त्या घरातली मापे पाहावीत, असे मला नेहमी वाटते. आमच्या घरात मापांच्या तीन पिढ्या एकाच पत्र्याखाली नांदत आहेत. आजी अजूनही ज्वारी पायलीने मोजते आणि विहिरीची खोली परसात सांगते. बाबांचा जीव एकर-गुंठ्यात आणि फुटात. माझ्या वाट्याला शाळेपासून आले ते मीटर, लिटर, किलो आणि हेक्टर. एकाच धान्याला, एकाच विहिरीला, एकाच रानाला तिघांची तीन मापे! त्यामुळे मी पाचवी-सहावीत असल्यापासूनच घरातले दुभाषाचे काम माझ्याकडे आले. आजीला किलो समजावायचे, बाबांना हेक्टर समजावायचा. हे काम वाटते तितके सोपे नाही. पायली हे आकारमानाचे माप, किलो हे वजनाचे. ज्वारीची एक पायली आणि करडईची एक पायली तराजूत सारखी भरत नाही. ‘एक पायली म्हणजे किती किलो गं?’ या आजीच्या प्रश्नाला ‘कशाची पायली?’ असे विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. शास्त्राचा पहिला पाठ मी असा घरीच शिकले.

‘शास्त्र’ हा शब्द वाचून काही मित्र हसतील. मी कलाशाखेची, बी. ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. अशा मुलीने अणू आणि त्याचे केंद्रक यांच्या मापांवर लिहावे म्हणजे लहान तोंडी मोठा घास, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण हा घास मी हौसेने घेतलेला नाही; तो घरातूनच ताटात आला. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझी दहावी झाली तेव्हा घरात एकच हिशेब झाला. दोन लेकरांपैकी एकाच्याच शिकवणीचे पैसे निघतील. ते धाकट्यासाठी राखून ठेवावेत. त्याला विज्ञान, मला कला. त्या हिशेबाचे मला काहीच वाटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पुढे इतिहासाची गोडी लागली आणि मन निवत गेले, हेही तितकेच खरे. आकडेमोड मात्र हातातून सुटली नाही. ती सुटू द्यावी अशी घरची परिस्थितीच नव्हती.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. आजोबांच्या नावचे चार एकर रान बाबा आणि काका यांच्यात निम्मे निम्मे व्हायचे होते. तोंडी वाटणी केव्हाच झाली होती. दोघांना दोन दोन एकर, म्हणजे ऐंशी ऐंशी गुंठे. बाबांचा सातबारा आधी हाती आला. त्यावर क्षेत्र होते ०.८१ हेक्टर, म्हणजे ८१ आर. काकांचा उतारा अजून यायचा होता. कोणीतरी काकांच्या कानात सांगितले, की आर म्हणजे गुंठाच. थोरल्याच्या नावावर एक गुंठा जास्त लागला आहे. झाले! आठ दिवस दोन्ही घरांतून विस्तव जाईना. आमच्या नायगावच्या बाजूला एका गुंठ्याची किंमत नुसती रुपयांत होत नाही. तिच्यात बांध असतो, इभ्रत असते, आणि आजोबांनी कोणाला जास्त जीव लावला हा जुना प्रश्नही असतो.

शेवटी मी एका जुन्या कॅलेंडरचे पान घेतले आणि दोघांना ओट्यावर बसवले. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. ते झाले १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. आर हा गुंठ्याचा सख्खा भाऊ खरा, पण तेरा चौरस फुटांनी धाकटा. ८० गुंठ्यांचे होतात ८७,१२० चौरस फूट आणि ८१ आरांचे सुमारे ८७,१८८. फरक अवघा ६८ चौरस फुटांचा, जेमतेम एक बैलगाडी उभी राहील एवढा. काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मग त्यो एक गुंठा गेला कुठं?”

मी म्हटले, “कुठं गेला नाही काका, तो नव्हताच. माप बदललं. रान तेवढंच हाय.”

महिन्याभराने काकांचा उतारा आला. तोही ०.८१.

दिवाळीच्या सुट्टीत धाकटा भाऊ नांदेडहून घरी आला, तेव्हा हाच प्रसंग मला कामी पडला. तो बारावीला आहे. वही पुढे टाकून म्हणाला, “ताई, सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या सात फर्मी. ती अँगस्ट्रॉममध्ये लिहायची हाय. शून्यं मोजून मोजून डोकं उठायलंय.” त्याच्या वहीत दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागली होती, एकदा तीन, एकदा चार, एकदा पाच. त्या रांगेत मला काकांचा तो हरवलेला गुंठा दिसला. इथेही रान तेवढेच होते, फक्त माप बदलायचे होते. फर्मी आणि अँगस्ट्रॉम ही नावे मी त्या दिवशी प्रथमच नीट वाचली. चार दिवस त्याची पुस्तके चाळली, आमच्या ग्रंथालयातून दोन आणली, आणि जे कळले ते इथे मांडते.

मीटरचे हजार भाग केले की मिलिमीटर होतो. फुटपट्टीवरची ही शेवटची रेघ. त्या एका मिलिमीटरचे एक कोटी सारखे भाग करावेत. त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. अणूचे माप या भागात बसते. हायड्रोजनचा अणू सुमारे एक अँगस्ट्रॉम रुंद, सोन्याचा सुमारे २.९. आता त्या एका अँगस्ट्रॉमचे पुन्हा एक लाख सारखे भाग करावेत. त्यातला एक भाग म्हणजे एक फर्मी. अणूच्या पोटात जे केंद्रक असते त्याचे माप या भागात बसते. हायड्रोजनच्या केंद्रकाची, म्हणजे एकट्या प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फर्मी. सोन्याच्या केंद्रकाची सुमारे ७, युरेनियमच्या केंद्रकाची त्याहून किंचित जास्त.

म्हणजे सगळे रूपांतर आपल्या लाख-कोटीच्या भाषेत बसते! एका मिलिमीटरमध्ये एक कोटी अँगस्ट्रॉम, एका अँगस्ट्रॉममध्ये एक लाख फर्मी, म्हणून एका मिलिमीटरमध्ये एक लाख कोटी फर्मी. अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ‘लाख कोटी’ हे शब्द आपण दरवर्षी ऐकतो. तेवढी संख्या फुटपट्टीच्या दोन रेघांमध्ये मावते, हे कळल्यावर मी क्षणभर स्तब्ध झाले. भावाला मी एवढेच सांगितले, की शून्ये मोजू नकोस, लाख म्हण. फर्मीतून अँगस्ट्रॉमकडे जाताना लाखाने भागायचे, अँगस्ट्रॉममधून फर्मीकडे येताना लाखाने गुणायचे. सात फर्मी म्हणजे एका अँगस्ट्रॉमचा सात-लाखांश, अंकांत ०.००००७. आणि भागायचे की गुणायचे याचा गोंधळ झाला तर धान्य आठवायचे. चार शेरांची पायली. जे धान्य पायलीने दहा भरते ते शेराने चाळीस भरणारच. माप लहान झाले की आकडा वाढतो, माप मोठे झाले की आकडा घटतो. फर्मी लहान, अँगस्ट्रॉम मोठा. म्हणून सातचा आकडा घटलाच पाहिजे. उत्तर सात लाख आले तर ते तिथल्या तिथे खोडावे.

ही नावे कोठून आली? अँडर्स अँगस्ट्रॉम (१८१४–१८७४) हे स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ. १८६८ साली त्यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाचा नकाशा प्रसिद्ध केला आणि प्रकाशाच्या तरंगांची लांबी मिलिमीटरच्या कोट्यंशांत मांडली. चुलीच्या जाळात मिठाची चिमूट पडली की ज्योत पिवळी होते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या पिवळ्या प्रकाशाचा तरंग सुमारे ५,८९० अँगस्ट्रॉमचा. मीटरमध्ये लिहायला गेले तर शून्यांची रांग, या मापात लिहिले तर सुटसुटीत चार अंक. फर्मी हे नाव एन्रिको फर्मी (१९०१–१९५४) या इटालियन शास्त्रज्ञांचे. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी केंद्रकाच्या मापाला हे नाव सुचवले. पुढे १९६४ साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत ‘फेम्टो’ हा उपसर्ग आला. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत ‘फेम्टेन’ म्हणजे पंधरा. मीटरला दहाने पंधरा वेळा भागले की फेम्टोमीटर. गंमत अशी, की फर्मी आणि फेम्टोमीटर अगदी एकच आहेत, आणि दोघांची आद्याक्षरी खूणही एकच. इथे आर-गुंठ्यासारखा तेरा फुटांचाही फरक नाही. भाऊबंदकीला जागाच नाही!

इतिहासाच्या विद्यार्थिनीला इथे एक प्रश्न सुचल्याशिवाय राहत नाही. आपल्या पूर्वजांनी लहानात लहान माप कोणते धरले होते? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात ही शिडी दिली आहे. आठ परमाणूंचा रथाच्या चाकाने उडवलेला एक धूलिकण. असे आठ कण म्हणजे एक लीख. आठ लिखांची एक ऊ. आठ उवांचा जवाच्या दाण्याचा मध्यभाग. असे आठ मध्यभाग म्हणजे एक अंगुल. पाच पायऱ्या आणि प्रत्येक पायरी आठाची. आठाला आठाने पाच पायऱ्या गुणत गेले की एका अंगुलात ३२,७६८ परमाणू येतात. अंगुल पाऊण इंचाचे, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटरचे धरले, तर कौटिल्याचा परमाणू सुमारे ५,८०० अँगस्ट्रॉमचा भरतो. सोन्याच्या अणूच्या दोन हजार पट मोठा! तेव्हा ‘अणू आमच्या पूर्वजांनी मोजला होता’ असे जे कधीकधी भाषणांत ऐकू येते, ते हिशेबाला टिकत नाही. पण म्हणून ती शिडी हसण्यासारखी नाही. न दिसणाऱ्या वस्तूपर्यंत पोचायचे तर दिसणाऱ्या वस्तूपासून सारख्या पायऱ्यांनी उतरत जावे, ही युक्ती तिच्यात आहे. धूळ, लीख, ऊ, जव. सगळ्या पायऱ्या घरच्या आणि रानच्या. आज आपली शिडी दहाची आहे आणि ती बरीच खोल गेली आहे, एवढाच फरक.

रानाचा विषय निघालाच आहे तर अणूही रानात नेऊन पाहू. सोन्याच्या केंद्रकाचा व्यास सुमारे १४ फर्मी, सोन्याच्या अणूचा सुमारे २.९ अँगस्ट्रॉम. एक आकडा फर्मीत आणि दुसरा अँगस्ट्रॉममध्ये असेपर्यंत काहीच उमगत नाही. उलट चौदा मोठा आणि तीन लहान वाटतो. दोन्ही एका मापात आणले की चित्र उघडते. २.९ अँगस्ट्रॉम म्हणजे २,९०,००० फर्मी. त्याला १४ ने भागले की सुमारे वीस हजार. केंद्रकाच्या वीस हजार पट अणू! ज्वारीचा दाणा चार मिलिमीटरचा धरा. तो केंद्रक मानला तर अणू ऐंशी मीटर रुंदीचा होईल. ऐंशी मीटर व्यासाचे गोल रान म्हणजे सुमारे पन्नास आर, आपल्या भाषेत सव्वा एकर. सव्वा एकराच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा, आणि त्या एका दाण्यात साऱ्या रानाचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वजन! बाकी सगळ्या रानात इलेक्ट्रॉनांचा विरळ वावर. १९०९ साली मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, तेव्हा बहुतेक कण आरपार गेले आणि काही हजारांत एखादाच उलटा फिरला. तो त्या दाण्याला अडला होता. त्यावरून रदरफर्ड यांनी १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली.

इथे एक बारकावा आहे. हायड्रोजनच्या बाबतीत हाच हिशेब केला तर अणू केंद्रकाच्या सुमारे त्रेसष्ट हजार पट येतो. चार मिलिमीटरच्या दाण्याला पाव किलोमीटर रुंदीचे, बारा एकरांचे रान लागते. सोन्याला वीस हजार, हायड्रोजनला त्रेसष्ट हजार. मग तो लाख कुठे गेला? लाख हे फर्मी आणि अँगस्ट्रॉम या दोन मापांचे नाते आहे. ते माणसांनी ठरवले म्हणून नेमके आहे. वस्तूंचे नाते निसर्गाने ठरवलेले, ते मोजूनच काढावे लागते. मापाचा आकडा वस्तूवर लादला, की गुंठा हरवतो.

हे सगळे लांबच्या देशांतले, असे वाटत होते. पण फर्मीचे अँगस्ट्रॉम करणारे खरोखरीचे यंत्र आपल्या महाराष्ट्रातच आहे, हे वाचले आणि मला मोठे नवल वाटले. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये अणुऊर्जा संशोधनाचे केंद्र उभे राहिले. १९६६ साली भाभांचे विमान अपघातात निधन झाले, आणि १९६७ पासून त्या केंद्राला त्यांचे नाव आहे. तिथली ‘अप्सरा’ ही पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली. युरेनियमचे केंद्रक फुटते तेव्हा त्यातून न्यूट्रॉन अतिशय वेगाने उडतात. चालत्या कणाला तरंगाची लांबी असते, आणि कण जितका वेगवान तितकी ती कमी. नुकत्याच उडालेल्या न्यूट्रॉनचा तरंग सुमारे २० फर्मीचा असतो, म्हणजे केंद्रकाच्याच मापाचा. अप्सरेत हे इंधन साध्या पाण्याच्या हौदात बुडवलेले असे. पाण्यात हायड्रोजन असतो आणि त्याचे केंद्रक जवळजवळ न्यूट्रॉनच्याच वजनाचे असते. गोटी सारख्या वजनाच्या गोटीवर आदळली की तिचा वेग मरतो. तसेच इथे होते. सरासरी अठरा-वीस धडका खाल्ल्या की न्यूट्रॉन मंद होतो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे २,२०० मीटर राहतो आणि तरंग होतो सुमारे १.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे १,८०,००० फर्मी! केंद्रकाच्या मापाचा पाहुणा पाण्यातून बाहेर पडतो तो अणूच्या मापाचा होऊन. स्फटिकात अणू ज्या अंतरावर बसलेले असतात, तेवढाच त्याचा तरंग. म्हणून तो स्फटिकातून गेला की अणूंची मांडणी सांगतो. १९८५ मध्ये चालू झालेल्या ‘ध्रुव’ या भट्टीवर जड पाणी वापरून अशाच मंद न्यूट्रॉनांनी पदार्थांचा अभ्यास केला जातो. जुनी अप्सरा २००९ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये तिचा नवा अवतार चालू झाला.

न्यूट्रॉन मंद केला की आणखी एक गोष्ट घडते, आणि तिथे शेतकऱ्याच्या लेकीला आपल्या ओळखीचे कोणीतरी भेटते. केंद्रकाचे ‘क्षेत्र’ मोजायला शास्त्रज्ञांनी एक माप धरले आहे: दहा फर्मी लांब, दहा फर्मी रुंद, म्हणजे शंभर चौरस फर्मी. त्याचे नाव ‘बार्न’. इंग्रजीत बार्न म्हणजे रानातले मोठे कोठार, जवळपास आपल्याकडचा आखाडा. १९४२ साली अमेरिकेत हे नाव पडले. न्यूट्रॉनच्या दृष्टीने एवढे क्षेत्र म्हणजे आखाड्याएवढे मोठे, नेम चुकायचाच नाही, अशी त्यामागची थट्टा. युरेनियमच्या केंद्रकाचे साधे क्षेत्र पावणेदोन बार्नच्या आतच भरते. पण मंद न्यूट्रॉनला युरेनियम-२३५ चे केंद्रक फोडण्यासाठी जणू ५८५ बार्नचे क्षेत्र समोर दिसते! केंद्रक वाढलेले नसते. येणारा पाहुणा पसरलेला असतो. म्हणून तर भट्टीत न्यूट्रॉनला आधी मंद करायचे.

क्षेत्राचा विषय आला की गुणाकाराची एक पायरी वाढते, हे मात्र विसरू नये. एका वारात तीन फूट, पण एका चौरस वारात नऊ चौरस फूट. गुंठ्याची बाजू अकरा वार, म्हणून क्षेत्र १२१ चौरस वार. तसेच एका अँगस्ट्रॉममध्ये एक लाख फर्मी, पण एका चौरस अँगस्ट्रॉममध्ये लाख गुणिले लाख, म्हणजे एक हजार कोटी चौरस फर्मी. बार्नमध्ये सांगायचे तर दहा कोटी. जो गुंठा जाणतो त्याला हे पटायला वेळ लागत नाही. माझ्या बाबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मानेनेच होकार दिला आणि वैरण टाकायला गेले.

वर १९५६ हे साल दोनदा आले, आणि ते मला उगाच आलेले वाटत नाही. त्याच वर्षी फर्मी हे नाव सुचवले गेले, त्याच वर्षी अप्सरा चालू झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वजनमापांचा दशमान कायदा झाला. पाठोपाठ १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने अल्प काळात राज्य बदललेले पाहिले, नाणे बदललेले पाहिले, शेर गेलेला आणि किलो आलेला पाहिला. गोदावरीकाठची जमीन मात्र होती तिथेच होती. त्या पिढीला हे रूपांतर समजावून सांगायला प्रत्येक घरात कोणी शिकलेले होते का? बहुतेक घरांत नव्हते. अशा वेळी जो समजावून सांगतो तो खरेच सांगतो की नाही, हे पडताळण्याचे साधनही हाती नसते. अडाणी माणूस फसतो तो बहुधा वस्तूत नाही, मापात फसतो.

मापांसारखेच शब्दांचे आहे. धाकटा भाऊ मोबाइलवर हिंदी भाषेतले पाठ ऐकतो. तिथे ‘परमाणु’ म्हणतात त्याला आपण मराठीत अणू म्हणतो, आणि तिथल्या ‘अणु’ला आपण रेणू म्हणतो. एकच शब्द, पण सीमा ओलांडली की माप बदलते! ‘अणु’ ऐकून तो अणूच समजून बसला असता तर सारे गणितच ढासळले असते. हे त्याच्या ध्यानात आणून द्यायला भाषेची विद्यार्थिनी उपयोगी पडली. तेव्हापासून तो मला ‘तुझं काय, तुझी कला शाखा’ असे म्हणत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकजण आपापल्या घरातले पहिलेच महाविद्यालयीन आहेत. ‘शिकून काय उजेड पाडणार?’ हा प्रश्न आपल्याला चुलीपासून पारापर्यंत विचारला जातो. नोकरीचे उत्तर माझ्यापाशी अजून नाही. पण एक काम आपल्याला आजही करता येते. अतिवृष्टीची मदत जाहीर होते ती हेक्टरी. आपल्या माणसाचे रान असते एकरात आणि गुंठ्यात. समजा, हेक्टरी १०,००० रुपये जाहीर झाले. एका हेक्टरात सुमारे २.४७ एकर, म्हणजे एकरी सुमारे ४,०४७ आणि गुंठ्याला सुमारे १०१. ०.८१ हेक्टरला मिळायला हवेत ८,१००. एवढा हिशेब ज्याच्या हाती आहे तो कोणत्याही खिडकीपुढे ताठ मानेने उभा राहतो. मात्र हा हिशेब सांगायचा तर सांगणाऱ्याला दोन्ही मापे आली पाहिजेत. शिकलो म्हणून गुंठा विसरलो आणि नुसते हेक्टर बोलू लागलो, तर घरातल्यांना आपला काय उपयोग? आणि गुंठ्यातच राहिलो, तर बाहेरच्या जगाला आपला काय उपयोग?

भावाची वही त्या दिवशी पुरी झाली. शेवटच्या पानावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: एक अँगस्ट्रॉम म्हणजे एक लाख फर्मी. त्याखाली मी माझ्या अक्षरात एक ओळ जोडली आहे: एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. परीक्षा संपल्या की त्याच पानाची मोठी प्रत करून ती आमच्या गल्लीतल्या पारावर लावण्याचा आमचा दोघांचा विचार आहे. फर्मीची ओळ ठेवावी की खोडावी, यावर अजून आमचे एकमत झालेले नाही. मी म्हणते, राहू दे. पारावर बसणाऱ्यांची पोरेही उद्या विज्ञानाला जाणारच आहेत, आणि पोरीसुद्धा.